सॉकमधून सीआयएसओपर्यंत जायचं आहे, आधी सीआयएसएसपी करू की एमबीए?

तुम्ही म्हणताय की काही वर्षं सॉकमध्ये, म्हणजे सायबर हल्ल्यांवर पाळत ठेवणाऱ्या कक्षात, अलर्ट बघण्यात गेली, आता सीआयएसओ, म्हणजे कंपनीचा माहिती सुरक्षा प्रमुख, व्हायचंय आणि गाडी या दोन पर्यायांवर अडली आहे. सीआयएसएसपी हे माहिती सुरक्षेचं प्रमाणपत्र करून टाका, त्याशिवाय बऱ्याच ठिकाणी रेझ्युमे पुढेच सरकत नाही. एमबीएवाचून काही अडत नाही. पण मी जवळून पाहिलेले चांगले सीआयएसओ ज्या एका गोष्टीत उजवे होते, ती दोन्हीकडे शिकवत नाहीत. धोका नेमका कोणाचा आहे, हे त्या माणसाकडून लेखी वदवून घेणं त्यांना जमत होतं.

इक्विफॅक्स या लोकांची कर्जविषयक माहिती ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं २०१७ चं प्रकरण मुळापासून वाचा. वेबसाइट बनवायला वापरल्या जाणाऱ्या अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा पॅच, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता. तो लावा म्हणून कंपनीत ईमेलही फिरला. पण ज्या यादीवर तो गेला ती जुनी होती, त्यामुळे पॅच लावणं ज्यांचं काम होतं त्यांना तो मिळालाच नाही. मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले, जुलै संपत आला तेव्हा कुठे कंपनीला सुगावा लागला. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती. नंतर तिथल्या सुरक्षा प्रमुखांच्या संगीताच्या पदवीची लोकांनी यथेच्छ टर उडवली. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. संगीत शिकलेला माणूस हे काम उत्तम करू शकतो. सुरक्षा विभाग कंपनीच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांच्या हाताखाली, आयटी वेगळ्या साहेबांकडे आणि दोघांत धड संवाद नाही, हे खरं दुखणं होतं.

म्हणून आत्तापासून एक सवय लावून घ्या. तुमच्या कंपनीचं रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांची नोंदवही, बघायला मागा. त्यात 'सर्व्हर जुना, जोखीम जास्त, जबाबदारी आयटी' अशी ओळ सापडेल. तिचा कुणालाच उपयोग नसतो. तीच अशी लिहून पाहा: बिलिंगच्या सर्व्हरला आता पॅच येत नाहीत, तो पडला तर बिलं निघणार नाहीत, बदलायला एक रात्र सिस्टिम बंद ठेवावी लागेल, तोपर्यंत हा धोका बिलिंगच्या प्रमुखांनी पत्करला आहे, पुढे त्यांचं नाव आणि फेरविचाराची तारीख. स्वतःचं नाव दिसलं की माणूस वाचतो, फोन करतो, वाद घालतो. घालू द्या. त्या वादातूनच बहुतेक वेळा ती एक रात्र मिळते.

वरच्या खुर्चीची दुसरी बाजूही माहीत असू द्या. उबरमधून २०१६ मध्ये सुमारे ५.७ कोटी प्रवासी आणि चालकांची माहिती चोरीला गेली. चोरांना बग बाउंटीच्या, म्हणजे त्रुटी शोधून कळवणाऱ्याला मिळणाऱ्या बक्षिसाच्या, नावाखाली १ लाख डॉलर दिले गेले, आणि त्यांच्याकडून सही घेतलेल्या करारात चक्क लिहिलं होतं की आम्ही कोणताही डेटा घेतलेला नाही. एफटीसी या अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेची कंपनीवर चौकशी चालू असताना हे घडलं. सुरक्षा प्रमुख जो सुलिव्हन स्वतः आधी सरकारी वकील होते. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं, पुढच्या वर्षी तुरुंगाऐवजी तीन वर्षांची प्रोबेशन, म्हणजे बाहेर राहून देखरेखीखालची शिक्षा, झाली. शिक्षा कमी की जास्त यावर या क्षेत्रात अजून वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: घटना झाकण्याचा निर्णय कोणीही घेतला असो, सुरक्षा प्रमुखाने त्यावर सही करायची नाही, मग नोकरी गेली तरी चालेल.

त्यामुळे पहिली ऑफर येईल तेव्हा पगाराआधी चार गोष्टी विचारा. मी कोणाला रिपोर्ट करणार? संचालक मंडळासमोर मी स्वतः बोलणार की माझी स्लाइड दुसरं कोणी दाखवणार? डेटा फुटला तर बाहेर कळवायचं की नाही, हे कोण आणि किती तासांत ठरवणार? आणि कंपनीच्या संचालक व अधिकाऱ्यांसाठीच्या विम्यात हे पद येतं का? तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर ती ऑफर घेऊ नका.