कॅप्टन ऐकत नाही म्हणतेस ना?

अगं, तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला. सतरा वर्षांखालच्या मुलींची हॉकी टीम हातात येऊन एक सीझनही झाला नाही आणि तक्रार काय, तर कॅप्टन ऐकत नाही, तू साइडलाइनवरून "उजवीकडे दे" म्हणून बोंबललीस आणि तिने बॉल मागे देऊन खेळ डावीकडे फिरवला. त्यातून गोल झाला का? झाला. मग रडतेस कशाला?

मॅच सुरू झाली की कोचने तोंड बंद ठेवायचं. बास.

पॅरिस ऑलिंपिक आठव, २०२४, आपल्या पुरुष टीमची ब्रिटनविरुद्धची क्वार्टर फायनल. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड, पुढची जवळजवळ ४३ मिनिटं आपले दहाच जण. त्या गोंगाटात आपला कोच क्रेग फुल्टन ओरडून ओरडून किती ओरडणार आणि ऐकणार कोण? तरी कॅप्टन हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवर गोल मारला, मग ब्रिटनने बरोबरी केली, पोरांनी १-१ धरून ठेवलं आणि शूटआउट ४-२ ने काढला. कोणी कुठे सरकायचं, डी, म्हणजे गोलसमोरचा अर्धगोल, कोणी सोडायची नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं असणार. फुल्टनचं काम त्याच्या कितीतरी आधी झालं होतं, आधी डिफेन्स हे त्याने पहिल्यापासून लावून धरलेलं.

म्हणजे कोच लागत नाही असं नाही हं. टोकियो ऑलिंपिकमध्ये राणी रामपालची महिला टीम पहिल्या तीन मॅच हरली होती, तिथून उठून क्वार्टर फायनलला ऑस्ट्रेलियाला १-० ने घालवलं, ते कोच शोर्ड मारिनच्या मेहनतीशिवाय झालं असतं का? पण मेहनत आठवडाभर. मॅचमध्ये तोंड बंद.

मला लोक म्हणायचे, हा नुसता बाकावर बसून राहतो, पैसे कशाचे घेतो. एका शाळेने याच कारणावरून काढलं. फायनलला एका गोलने मागे होतो, शेवटच्या पाच मिनिटांत माझ्या फुल बॅकने स्वतःच्या डोक्याने गोलकीपर बाहेर काढून पुढे एक जादा पोरगी घ्यायला सांगितलं, मी काढली, रिकाम्या गोलमध्ये आणखी एक गोल बसला. पालक म्हणाले, सर ओरडले असते तर जिंकलो असतो. ओरडून जिंकतात होय? आजही मी त्या पोरीला अडवणार नाही. वाईट एवढंच वाटतं की पुढच्या वर्षी तिने स्टिकच सोडली, आणि तिची बाजू घ्यायला मी तिथे नव्हतो.

तर आता हे कर. प्रॅक्टिस गेममध्ये न सांगता एक मुलगी बाहेर काढ आणि गप्प उभी राहा, कॅप्टन काय करते बघ, चुकली तरी शिट्टी मारू नकोस, बोलायचं ते नंतर. पेनल्टी कॉर्नरचे तीन प्रकार घोटून घे, पण मॅचमध्ये कुठला घ्यायचा ते तिने ठरवायचं. सब, म्हणजे बदली खेळाडू, तुझ्या हातात आहेत, ते वेळेवर कर. दमलेली पोरगी बाहेर आली की पाणी दे आणि आत काय दिसतंय ते विचार. सांगू नकोस गं, विचार!

आणि रविवारी कॅप्टनला बाकावर बसवायचं डोक्यात असेल तर त्याआधी मला फोन कर, रात्री दहापर्यंत जागा असतो.