वाद घालायला बसण्याआधी

अगं, तुझा मेल वाचला. सॉल्ट लेकला शिकायला गेलीस म्हणजे कधीतरी मॉर्मन चर्चचा विषय निघणारच होता, आणि रूममेट मॉर्मन, तीही धर्मप्रचाराचं मिशन करून आलेली म्हटल्यावर तर काय बोलायलाच नको. तू तिला एका दमात त्या चर्चच्या संस्थापकाच्या, जोसेफ स्मिथच्या बायका, डीएनए, घोडे, पोलाद, इजिप्तचे पपायरस कागद सगळं ऐकवलंस, ती म्हणाली "मला माहितीये हे खरं आहे", तू म्हणालीस "माहिती नाही, तुला तसं वाटतं", आणि मग दोघी चार दिवस किचनमध्ये गप्प. वाक्य तुझं बरोबर होतं, पण वापरलंस दार आपटल्यासारखं.

आधी वाद कशावर आहे ते नक्की कर बघू. देव आहे का, यावर नाहीये. ती चांगली मुलगी आहे का, यावर तर नाहीच, तू आजारी पडलीस तेव्हा तिच्या वॉर्डातल्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीतल्या, बायका सूप घेऊन आल्या हे तूच लिहिलंयस. दावा त्यापेक्षा खूप नेमका आहे. १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यात पाल्मायराजवळच्या झाडीत जोसेफला देव आणि येशू दिसले, पुढे सोन्याचे पत्रे मिळाले, त्यांवर कोरलेल्या मजकुराचं भाषांतर म्हणून १८३० मध्ये बुक ऑफ मॉर्मन छापून आलं, आणि देवाच्या वतीने बोलायचा तो अधिकार आजच्या चर्चच्या अध्यक्षापर्यंत चालत आलाय, दुसऱ्या कुठल्याच चर्चकडे तो नाहीये. आणि हे सगळं घडलेल्या घटनांवर उभं आहे असं ते स्वतःच म्हणतात, चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी २००२ च्या कॉन्फरन्समध्ये सरळ सांगितलं होतं की ते दर्शन एकतर घडलं किंवा नाही घडलं, आणि नसेल घडलं तर हे सगळं काम म्हणजे फसवणूक. म्हणजे पुराव्याच्या मैदानात तू त्यांना ओढत नाहीयेस, ते आपणहून उतरलेत, फक्त हे तिला शांतपणे दाखवून द्यायचं.

आता तिची कसोटी बघ. बुक ऑफ मॉर्मनच्या शेवटी, मोरोनी नावाच्या भागाच्या दहाव्या अध्यायात म्हटलंय की खऱ्या मनाने देवाला विचार, पवित्र आत्मा तुला सत्य दाखवील. करून बघायला माझी काहीच हरकत नाही, तुला वाटलं तर कर प्रार्थना. माझा प्रश्न एवढाच आहे की उत्तर "नाही" आलं तर ते धरणार का? कारण तसं आलं की बहुतेक वेळा सांगतात, मन पुरेसं प्रामाणिक नव्हतं, परत विचार. ज्या परीक्षेत नापास व्हायची सोयच नाही तिचा निकाल काय सांगणार? आणि छातीत ऊब वाटणं, डोळे भरून येणं, हे जोसेफनंतर फुटून निघालेल्या इतर गटांतल्या लोकांनाही होतंच की, आणि त्यांच्या मनाला मिळणारं उत्तर वेगळं असतं.

पण हाच नियम तुलाही लागू आहे, आणि तुझ्या मेलमध्ये मला तो कुठे दिसला नाही. कुठली गोष्ट समोर आली तर तू म्हणशील "बरं, इथे माझं चुकतंय"? ते आधी कागदावर लिही, मग तिच्याशी बोल. या बाबतीत मला जेराल्ड टॅनर हा माणूस फार आवडतो. आयुष्यभर मॉर्मन चर्चवर टीका करणारा. १९८० च्या दशकात मार्क हॉफमनने एक जुनं पत्र बाजारात आणलं, त्यात सोन्याच्या पत्र्यांच्या गोष्टीत देवदूताच्या जागी पांढरा सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा प्राणी) होता, म्हणजे चर्चची अडचण आणि टीकाकारांची दिवाळी. आणि टॅनरनेच १९८४ मध्ये जाहीरपणे शंका काढली की हे पत्र बनावट वाटतंय, भले भले तज्ज्ञ अस्सल म्हणत असताना. १९८५ मध्ये हॉफमनने पकडलं जाऊ नये म्हणून सॉल्ट लेकमध्ये बॉम्ब ठेवले, दोन माणसं मेली, आणि मग सगळा बनाव उघड झाला. चर्चच्या वरिष्ठांनीही त्याच्याकडून कागदपत्रं घेतली होती आणि त्यांनाही काही कळलं नव्हतं, तो मुद्दा तू मांडशीलच, मांड, पण त्याआधी टॅनरसारखं आपल्या सोयीच्या पुराव्यावर संशय घेता येतो का ते बघ.

म्हणून तुझ्या यादीतलं थोडं काढून टाक. बुक ऑफ मॉर्मन सॉलोमन स्पॉल्डिंगच्या कादंबरीवरून चोरलं हे तर लगेच काढ, ते हस्तलिखित १८८४ मध्ये होनोलुलूला सापडलं आणि त्याचा या पुस्तकाशी फारसा मेळच बसत नाही. पहिल्या दर्शनाच्या वेगवेगळ्या हकिगतींवरही जास्त जोर देऊ नकोस, १८३२ च्या हकिगतीत आणि १८३८ च्या हकिगतीत फरक आहेत हे खरं, पण माणसं आठवणी अशीच सांगतात, कोर्टातसुद्धा. डीएनएचा मुद्दा वजनदार आहे, पुस्तक म्हणतं ते लोक जेरुसलेमहून अमेरिकेत आले आणि अमेरिकन इंडियनांच्या डीएनएत तसं दिसत नाही, चर्चनेच पुढे प्रस्तावनेतलं वाक्य बदललं, आधी बुक ऑफ मॉर्मनमधले लोक अमेरिकन इंडियनांचे "प्रमुख" पूर्वज होते, आता ते पूर्वजांपैकी एक झाले. पण तिथे ती म्हणेल लोक थोडेच होते, मिसळून गेले, आणि मग तू आणि ती दोघी जेनेटिक्सवर भांडत बसाल ज्यातलं दोघींनाही फार कळत नाही.

एकच मुद्दा घ्यायचा तर बुक ऑफ अब्राहम घे. १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला एक माणूस ममी आणि पपायरस घेऊन आला, जोसेफ आणि मंडळींनी ते २४०० डॉलरला विकत घेतले, आणि जोसेफ म्हणाला यात बायबलमधल्या अब्राहमचं लिखाण आहे. भाषांतर १८४२ मध्ये छापलं, पुढे ते धर्मग्रंथात गेलं. तेव्हा अमेरिकेत इजिप्शियन लिपी वाचणारं जवळपास कोणी नव्हतं. मूळ कागद जळाले असं सगळे धरून चालले होते, तर त्यातले काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये निघाले आणि १९६७ मध्ये चर्चला मिळाले. तज्ज्ञांनी वाचले तर काय, होर नावाच्या एका पुजाऱ्याच्या अंत्यविधीचा मजकूर, अब्राहमच्या काळानंतर हजार-दीड हजार वर्षांहूनही उशिराचा! चर्चने स्वतः २०१४ च्या निबंधात मान्य केलंय की तुकड्यांवरची अक्षरं आणि भाषांतर जुळत नाही.

यावर ती म्हणेल, गुंडाळीचा मोठा भाग हरवलाय, किंवा पपायरस हे फक्त निमित्त होतं, शब्द थेट देवाकडून आले. तेव्हा तिला बुक ऑफ अब्राहममधलंच, पपायरसवरून छापलेलं तिसरं चित्र उघडायला सांग. तिथे काही हरवलेलं नाहीये, चित्र आहे आणि खाली जोसेफचं स्पष्टीकरण आहे, आणि ज्या आकृतीला तो राजा फारो म्हणतो ती इसिस देवी आहे, वरची अक्षरं वाचता येतात. एवढंच दाखव आणि गप्प बस. "मग पटलं ना?" असं विचारू नकोस.

तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा साक्षीदारांचा आहे, तो टाळू नकोस. ऑलिव्हर कौडरी, डेव्हिड व्हिटमर, मार्टिन हॅरिस या तिघांनी देवदूताने पत्रे दाखवले अशी साक्ष दिली, तिघेही पुढे चर्चमधून बाहेर पडले, पण साक्ष कधी मागे घेतली नाही. मला हे खरंच विचार करायला लावतं, ती माणसं पैशासाठी खोटं बोलत होती वगैरे सोपी उत्तरं मला पटत नाहीत. पण मग जेम्स स्ट्रँगचं काय? १८४४ मध्ये जोसेफला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने मारलं, त्यानंतर वारस म्हणून जे उभे राहिले त्यातला हा एक. १८४५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये त्याने साक्षीदारांसमोर जमिनीतून पितळी पत्रे काढून घेतले, त्यांनी भर दिवसा हाताने खणून काढले, आणि खुद्द मार्टिन हॅरिस काही काळ त्याचा प्रचार करत इंग्लंडला गेला. आणि व्हिटमरने १८८७ मध्ये लिहिलं की माझी पत्र्यांची साक्ष मानत असाल तर हेही माना, १८३८ मध्ये देवाने मला आकाशवाणीने सांगितलं की या संतांपासून (म्हणजे मॉर्मनांपासून) वेगळा हो. तिला विचार, यातली कुठली साक्ष धरायची, कुठली सोडायची, आणि ते कशावरून ठरवायचं. मला माहीत असतं तर मीच सांगितलं असतं.

भविष्यवाण्यांवर फार वेळ घालवू नकोस. अमेरिकेतलं यादवी युद्ध साउथ कॅरोलायनातून सुरू होईल असं जोसेफने १८३२ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं होतं हे खरं, पण तिथली बंडाची भाषा तेव्हा पेपरांत रोजची होती. चर्चच्या अध्यक्षाला ते प्रॉफेट मानतात, त्याची चूक दाखवली की येणाऱ्या "प्रॉफेटही माणूसच" या उत्तराकडे मात्र लक्ष दे. काळ्या पुरुषांना प्रीस्टहूड, म्हणजे धर्मविधी करायचा अधिकार, नाही, हे १९४९ मध्ये देवाची थेट आज्ञा म्हणून सांगितलं गेलं, १९७८ मध्ये ते उठलं, आणि २०१३ मध्ये जुनी कारणं चर्चनेच नाकारली. २०१५ चं समलिंगी जोडप्यांच्या मुलांना लहानपणी बाप्तिस्मा न देण्याचं धोरणही साक्षात्कार म्हणून सांगितलं आणि २०१९ मध्ये मागे घेतलं. चूक होणं मी समजू शकतो गं, पण बोलताना आत्ता माणूस बोलतोय की प्रॉफेट, हे त्याच दिवशी ओळखायचं कसं, हे मला आजवर कोणी सांगितलं नाही.

आणि ती तुला उलट विचारेलच, तुमच्या तुकारामांची गाथा तेरा दिवसांनी इंद्रायणीतून कोरडी वर आली, ते मानतेस का? तिथे घसरू नकोस. ऐतिहासिक घटना म्हणून त्याचा पुरावा तसाच तोकडा आहे असं सरळ म्हण. अभंगांची किंमत त्या चमत्कारावर टिकून नाही, पाण्यात बुडून गेली असती तरी मुखोद्गत होतीच लोकांना, इतकंच पुढे जोडता येईल. ती म्हणेल, मग बुक ऑफ मॉर्मनचंही तसंच समज. तर म्हण, चालेल, पण मग अधिकाराचा दावा सोडावा लागेल, आणि तो हिंकलींना चालत नव्हता.

रविवारी तिने जेवायला बोलावलंय ना, जा. चर्चला बोलावलं तरी जाऊन ये, फक्त एल्डर मंडळींनी, म्हणजे त्यांच्या प्रचारकांनी, बाप्तिस्म्याची तारीख विचारली की लगेच नाही म्हणून सांग, उगाच आशेवर ठेवू नकोस. पपायरसचं मात्र जेवणाच्या टेबलावर काढू नकोस, तिचे आईवडीलही असतील.

तुझा,
काका