वडिलांची फियाट, बदललेले इंजिन आणि ‘विंटेज’ नोंदणी

प्रश्न थोडक्यात असा: वाचकांच्या वडिलांनी १९६६ साली नवी घेतलेली फियाट ११०० डी आजही चालू स्थितीत आहे. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. नोंदणी अजून त्यांच्याच नावावर आहे. त्यांनी हयातीत मूळ इंजिन काढून नंतरच्या काळातील प्रीमियर पद्मिनी या गाडीचे इंजिन बसवले, परंतु आरटीओला कळवले नाही. आता मुलाला गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद करायची आहे, त्याच वेळी डिझेल इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग आणि करड्याऐवजी लाल रंग असेही बेत आहेत. शिवाय दर रविवारी ती फिरवायची आहे. मूळ इंजिन गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे आणि एका भंगारवाल्याने ते मागितले आहे.

उत्तर: आपल्या मनात दोन गाड्या आहेत आणि दारात एकच उभी आहे. त्यातली कोणती हवी हे आधी ठरवावे लागेल, कारण कायदा या दोन्ही इच्छा एका गाडीत पूर्ण होऊ देत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी डागडुजी न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहनच विंटेज ठरते. वयाची अट आपली गाडी सहज पार करते. अडचण मूळ स्वरूपाची आहे. डिझेल इंजिन बसवल्यास हा मार्ग बंद होतो, त्यात वादाला जागा नाही. पद्मिनीच्या इंजिनाबाबत मात्र दोन बाजू मांडता येतात. दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली, १०८९ सीसीचीच, त्यामुळे हा ‘फेरबदल’ नसून सारख्या सुट्या भागाची अदलाबदल आहे असा युक्तिवाद मी करू शकेन. पण वाहन पाहून निर्णय देणाऱ्या राज्याच्या समितीला तो पटेलच, अशी हमी मी देणार नाही.

अधिक निकडीचा प्रश्न वेगळाच आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात ग्रीस पुसल्यावर इंजिनावर जो क्रमांक दिसतो, त्याचे शेवटचे चारही आकडे आरसी बुकातील क्रमांकापेक्षा निराळे आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि मान्यतेशिवाय झालेला बदल चौदा दिवसांत कळवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन वडिलांनी बदलले हे खरे. पण नाक्यावर बोनेट उघडायला लावले जाईल तेव्हा त्याच्या शेजारी आपण उभे असाल.

नाव बदलण्यासही उशीर झाला आहे. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा असतो. आता विलंबाचे शुल्क भरून, आई आणि बहिणीचे ना-हरकत शपथपत्र जोडून तो तातडीने करावा. विमाही त्याच वेळी स्वतःच्या नावावर करून घ्यावा. मृत व्यक्तीच्या नावे पॉलिसी, त्यात इंजिन क्रमांक जुळत नाही, अशा स्थितीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मंजूर होईल या भरवशावर राहू नये.

विंटेज नोंदणी मिळालीच तर काय, हेही ऐकावे. आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. दाखला दहा वर्षे चालतो. नव्या नोंदणीला वीस हजार आणि पुनर्नोंदणीला पाच हजार रुपये शुल्क आहे. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. आपला रविवारचा फेरफटका यांपैकी कशातच बसत नाही. या नोंदणीची सक्ती नाही. साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करून, पर्यावरण कर भरून आणि वाहन तपासणीत उत्तीर्ण करून गाडी मनसोक्त चालवता येते. आपल्यासारख्या चालवण्याची हौस असलेल्या माणसाने दिमाखदार दाखल्यासाठी रस्ता गमावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरलेल्या बेतांविषयी थोडक्यात. रंग हा आरसीतील तपशील आहे, तो बदलायचा तर आधी आरटीओची मान्यता आणि मग रंगारी. डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग यांच्या वाटेला जाऊ नये. मूळ ड्रम ब्रेकना नवे लायनिंग लावून व्यवस्थित बसवले तर या हलक्या गाडीला ते पुरतात, आणि पॉवर स्टिअरिंगची गरज तर मला मुळीच दिसत नाही. सिलिंडर बोअर करणे, पिस्टन-रिंगा किंवा वायरिंग बदलणे ही दुरुस्ती आहे, तिला कलम ५२ आड येत नाही. मात्र प्रत्येक कामाचे बिल जपावे.

आणि त्या भंगारवाल्याला नकार कळवावा, शक्यतो आजच. ताडपत्रीखालच्या इंजिनावर आरसीतलाच क्रमांक असेल, तर ते दुरुस्त करून पुन्हा गाडीत बसवल्यावर कळवण्यासारखा बदलच उरत नाही, आणि पुढे विंटेजचा विचार झाला तर समितीसमोर गाडी मूळ इंजिनासह उभी राहते. त्या मूळ इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला असल्यास पद्मिनीचेच इंजिन ठेवून त्याच्या खरेदीची पावती आणि ज्या गाडीतून ते काढले तिचे कागद शोधावे, कारण क्रमांकाची नोंद मागायला गेल्यावर ते इंजिन कुठून आले हे पहिल्यांदा विचारले जाईल. म्हणून मिस्त्रीला गाडीआधी त्या ताडपत्रीकडे न्यावे आणि तो काय म्हणतो ते मला कळवावे.