सरकारी विकास बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करता येते का?

अंबडच्या कारखान्यासाठी विकास बँकेकडून घेतलेलं कर्ज फिटलं, तरी तारण कागद परत मिळत नाहीत, म्हणून लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. तिथे वेळ घालवू नका. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत 'बँक' म्हणजे व्यापारी, ग्रामीण आणि सहकारी बँका. सिडबी (लघुउद्योगांसाठी), नाबार्ड (शेती आणि ग्रामीण भागासाठी) अशा विकास बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असल्या तरी त्या व्याख्येत बसत नाहीत.

कागद उशिरा दिल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा २०२३ चा नियमही अर्जात टाकू नका. तो वैयक्तिक कर्जांसाठी आहे. चुकीचा नियम दाखवला की उत्तर तेवढ्याच मुद्द्यावर येतं आणि मूळ मागणी बाजूला पडते.

आधी शाखेत लेखी अर्ज द्या. दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. 'कागदपत्रे परत मिळावीत' एवढं मोघम लिहू नका. एमआयडीसीचा मूळ भाडेपट्टा करार, ताबा पावती, नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा) दाखला असं एकेक नाव, कर्ज खाते क्रमांक आणि शेवटचा हप्ता भरल्याची तारीख लिहा. दाद लागली नाही तर त्याच पोचेची प्रत जोडून मुख्य कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा.

त्यानंतर सीपीग्राम्स, म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन तक्रार पोर्टल. तिथे वित्त मंत्रालयाचा वित्तीय सेवा विभाग निवडा. निपटाऱ्याची मुदत २१ दिवस आहे. गुळमुळीत उत्तर देऊन तक्रार बंद केली, तर ३० दिवसांत तिथेच अपील करा. बरेच जण इथेच थांबतात, हे फार वाईट वाटतं.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज स्वतःच्या नावाने करा. कंपनीच्या लेटरहेडवर केला तर फेटाळला जाऊ शकतो, कारण हा हक्क नागरिकाचा आहे. 'कागद का दिले नाहीत?' असं विचारू नका. 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत फाइलवर झालेल्या सर्व टिपण्यांच्या प्रती द्या' असं मागा. फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती, ते टिपण्यांवरच्या तारखांतून उघडं पडतं.

कोणी पैसे मागत असेल तर प्रकरण दक्षतेचं, म्हणजे भ्रष्टाचाराच्या चौकशीचं. केंद्रीय दक्षता आयोग निनावी पत्रांवर कारवाई करत नाही. नाव गुप्त ठेवायचं असेल तर तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या २००४ च्या ठरावानुसार आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार पाठवा. नाव-पत्ता पाकिटावर नको, आतल्या पत्रात लिहा.