तुझ्या कथेतले बाबा

प्रिय पोरी,

तुझी कथा दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचली. तूही ती तशीच वाचावीस, म्हणून हे पत्र.

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर रात्रभर उभ्या असलेल्या बैलबंड्या, थंडीत कापसातच अंग खुपसून झोपलेला मुलगा, सकाळी काट्यावर ओलाव्याचं कारण सांगून भाव पाडणारा माणूस. हे सगळं तू स्वतः पाहिलेलं आहेस, ते पहिल्या पानातच कळतं. मला ते पान फार आवडलं. पण भाव ऐकल्यावर तुझ्या कथेतले बाबा म्हणतात, 'या व्यवस्थेने आमच्या कष्टांची किंमत कधीच केली नाही.' तिथे मी अडलो. हे तुझं म्हणणं आहे आणि ते खरंही आहे, पण बाबांचं नाही. वेचणीने बोटं फाटलेला यवतमाळकडचा कास्तकार त्या क्षणी काय म्हणाला असता? 'जाऊ दे बाप्पा, कर खाली' एवढंच म्हणाला असता का? की काहीच न बोलता बैलांपुढे कडबा टाकायला गेला असता? मला ठाऊक नाही, तुला आहे. ते आठवेपर्यंत ती जागा कोरी ठेव. चुकीच्या वाक्यापेक्षा कोरी जागा बरी, कारण ती तुला स्वस्थ बसू देत नाही.

वऱ्हाडी लिहिली तर पुण्या-मुंबईच्या संपादकांना कळेल का, असं तू विचारलं आहेस. उद्धव शेळके यांची 'धग' 1960 साली आली. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीतच बोलते, आणि ही कादंबरी महाराष्ट्रभर वाचली गेली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडून आलेल्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, 1952 साली त्यांचं पुस्तक निघालं, आणि ती खानदेशी बोली कोकणातल्या पोरांनीही पाठ केली. तेव्हा ही भीती सोड. फक्त एक पथ्य पाळ: चव आणायची म्हणून बोलीतले शब्द मधूनमधून पेरू नकोस. माणूस बोलतो तेव्हा त्याचं अख्खं वाक्य, त्याची उलटसुलट रचना, त्याचं थांबणं, सगळं त्याचंच असू दे.

त्यासाठी कान लागतो आणि कान रोजच्या सवयीने तयार होतो. एक लहान वही जवळ ठेव. बाजार समितीत, एसटी स्टँडवर, दळणाच्या गिरणीत एखादं वाक्य कानावर पडलं की त्याच दिवशी टिपून ठेव. उद्यापर्यंत तू नकळत ते शुद्ध करून टाकशील. मोबाइलवर लोकांचं बोलणं गुपचूप टिपू नकोस. माणसांचा विश्वास मोडून मिळालेलं वाक्य कथेत ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मूड नसला की लिहावं का, हाही तुझा प्रश्न आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याआधी अमळनेरच्या वसतिगृहात ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत, हे सांगायचं मात्र राहून जातं. मुलांना वाचायला मिळावं म्हणून तिथे रोज लिहावं लागे. त्या काही दिवसांमागे ही एवढी लिहिती वर्षं होती. तू सकाळी कॉलेजची बस येण्याआधी अर्धा तास बस. वाईट लिहिलंस तरी चालेल, पण बस.

आता दुसरा खर्डा. खरी कथा इथेच होते, म्हणून घाई करू नकोस. पहिला खर्डा दोन-तीन आठवडे नजरेआड ठेव. मग मोठ्याने वाच. जिथे जीभ अडखळते किंवा स्वतःलाच कंटाळा येतो, तिथे पेन्सिलीने खूण कर, लगेच दुरुस्त करायला बसू नकोस. तुझा शेवटचा परिच्छेद मी सुचवतोय म्हणून काढून पाहा. बाबा रिकामी बंडी घेऊन निघतात आणि मुलगा मागे बसून नोटा पुन्हा मोजतो, तिथेच कथा संपलेली आहे. पुढे तू शेतकऱ्यांच्या परिस्थितीबद्दल जे लिहिलं आहेस, ते त्या नोटा मोजण्यात आलेलं आहे. 'भीषण', 'केविलवाणा', 'अगतिक' हे तिन्ही शब्दही जाऊ देत. त्याऐवजी काट्यावरच्या माणसाचे हात दाखव. तो कापूस मुठीत दाबून ओल बघतो तेव्हा बाबा कुठे बघतात?

हो, त्या माणसालाही घर असेल. त्याला नुसता दुष्ट ठेवू नकोस.

वाचनाबद्दल एवढंच सांगतो की आवडलेली एक कथा हाताने उतरवून काढ. लेखकाने वाक्य कुठे तोडलं आणि काय सांगायचं टाळलं, ते लिहिताना हाताला कळतं.

का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आजवर मराठीत नवख्या कथाकाराला दिवाळी अंकाइतकी मोकळी जागा क्वचितच मिळाली असेल. पण अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून उन्हाळ्यात कथा हातावेगळी कर. एका वेळी एकाच संपादकाकडे पाठव. उत्तर आलं नाही तर चौकशीचं एक पत्र टाक आणि मधल्या काळात पुढची कथा सुरू कर.

दुसरा खर्डा झाला की पाठव. बाबा काट्यावर काय म्हणाले, ते मला वाचायचं आहे.

तुझा,
सर