एकाच रस्त्याची दोन बिले आणि लोकायुक्तांकडील तक्रार

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका तालुक्यात राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. आमच्या गावाला राज्यमार्गाशी जोडणाऱ्या रस्त्याचे डांबरीकरण सार्वजनिक बांधकाम विभागाने एकदाच केले, परंतु माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांवरून त्याच कामाचे बिल दोनदा काढल्याचे दिसते. दुसरे बिल निघून अडीच वर्षे होत आली. अधीक्षक अभियंत्यांना दोन अर्ज दिले, उत्तर नाही. याच रस्त्यात माझ्या शेतातील ३ गुंठे जमीन गेल्याचे ८ महिन्यांपूर्वीच्या सरकारी मोजणीत उघड झाले. मोबदला मिळालेला नाही. लोकायुक्तांकडे जावे असे काहीजण सुचवतात. पण लोकायुक्तांना शासनच नेमते, मग ते शासनाविरुद्ध काय करणार? विधानसभेत विरोधी पक्षनेता नसताना नेमणूक झाली आणि ती पुढे बेकायदा ठरली, तर माझी तक्रार वाया जाईल का? माझा मुलगा कोषागारात लिपिक आहे. त्याच्या नावाने तक्रार केली तर चालेल का?

उत्तर : आपण पाठवलेले कागद वाचले. आपली शंका नेमणुकीविषयी आहे आणि तिचे उत्तर सविस्तर देतो. मात्र आपल्या प्रकरणाला खरा धोका नेमणुकीचा नसून मुदतीचा आणि तक्रारीच्या मांडणीचा आहे, हे आधी नमूद करणे आवश्यक वाटते.

लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारी लोकायुक्त ही संस्था महाराष्ट्रात महाराष्ट्र लोक आयुक्त आणि उप लोक आयुक्त अधिनियम, १९७१ या कायद्याने निर्माण झाली आणि १९७२ मध्ये ती प्रत्यक्षात सुरू करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. या कायद्याच्या कलम ३ नुसार लोकायुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात, पण ती करण्यापूर्वी उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेते यांच्याशी विचारविनिमय करावा लागतो. उपलोकायुक्तांच्या नेमणुकीपूर्वी लोकायुक्तांचा सल्ला घेतला जातो. मुदत ५ वर्षांची असते आणि त्या काळात गैरवर्तन किंवा अक्षमता या कारणांखेरीज त्यांना पदावरून दूर करता येत नाही. राज्यपाल सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, म्हणून ‘शासनच नेमते’ हे आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे विचारविनिमयाच्या अटीत आहे आणि ही अट केवळ शिष्टाचाराची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी दाखवून दिले आहे.

गुजरातचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. तेथे लोकायुक्तपद अनेक वर्षे रिकामे होते. ऑगस्ट २०११ मध्ये राज्यपाल कमला बेनीवाल यांनी मंत्रिमंडळाला बाजूला ठेवून, मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या निवृत्त न्यायमूर्ती आर. ए. मेहता यांची नेमणूक केली आणि राज्य सरकार तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१३ रोजी नेमणूक कायम ठेवली. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत हे न्यायालयाने मान्य केले, परंतु गुजरातच्या तेव्हाच्या कायद्याखाली मुख्य न्यायमूर्तींच्या मताला अग्रक्रम असल्याने नेमणूक टिकली. (इतके होऊनही न्यायमूर्ती मेहता यांनी पद स्वीकारले नाही, हा भाग वेगळा.) त्याच महिन्यात कर्नाटकातील उपलोकायुक्तांचे प्रकरण निकालात निघाले. कर्नाटकच्या १९८४ च्या कायद्यात सल्ला घेण्याच्या व्यक्तींची यादी मोठी आहे. तिच्यातील मुख्य न्यायमूर्तींच्या मताला अग्रक्रम नाही, असे न्यायालयाने म्हटले, पण मुख्य न्यायमूर्तींशी प्रत्यक्ष विचारविनिमयच झाला नव्हता या कारणावरून नेमणूक रद्दबातल ठरवली. उत्तर प्रदेशात तर सहमती होत नाही हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये स्वतःच लोकायुक्त नेमले आणि पुढच्याच महिन्यात तो आदेश मागे घेऊन दुसऱ्या निवृत्त न्यायमूर्तींचे नाव निश्चित केले. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यामुळे एका राज्याचा निकाल दुसऱ्यास जसाच्या तसा लावता येत नाही, ही खबरदारी मात्र वकील मंडळीही कधीकधी विसरतात.

आता विरोधी पक्षनेत्याचा प्रश्न. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २८८ सदस्यांच्या विधानसभेत कोणत्याही विरोधी पक्षाला एक दशांश जागा मिळाल्या नाहीत, म्हणून हे पद रिकामे राहिले आणि आपली शंका त्यातून आली असावी. परंतु १९७१ चा कायदा करणाऱ्यांनी हा प्रसंग गृहीत धरला होता. असा नेता नसेल, तर विधानसभा अध्यक्ष ठरवतील त्या पद्धतीने विरोधी सदस्यांनी त्यासाठी निवडलेल्या व्यक्तीशी विचारविनिमय करण्याची तरतूद कलम ३ मध्येच आहे. म्हणजे पद रिकामे आहे म्हणून नेमणूक अडत नाही, आणि पद रिकामे आहे म्हणून विरोधकांना न विचारता नेमणूक करण्याची मोकळीकही शासनाला मिळत नाही. केंद्रातील लोकपालांच्या बाबतीतही विरोधी पक्षनेता नाही या कारणाने नेमणूक लांबवण्याचे समर्थन सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये स्वीकारले नव्हते. ज्या नेमणुकीच्या वेळी विरोधी पक्षनेता अस्तित्वात होता, तिला नंतरच्या रिक्ततेची बाधा पोहोचण्याचे तर काहीच कारण नाही.

तरीही एखाद्याने उच्च न्यायालयात अधिकारपृच्छेची (म्हणजे एखादी व्यक्ती कोणत्या अधिकाराने पदावर आहे हे विचारणारी) याचिका करून नेमणूक रद्द करून घेतली, असे क्षणभर धरून चालू. आपली तक्रार त्यामुळे वाया जात नाही. गोकराजू रंगराजू विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर असे सत्र न्यायाधीश होते की ज्यांच्या नेमणुकाच मागाहून रद्द ठरल्या होत्या; तरी पदावर असताना त्यांनी दिलेले निकाल वैध राहिले, कारण पदाच्या अधिकाराने झालेल्या कामावर सामान्य माणसाने विसंबलेले असते आणि त्याला त्याची झळ लागू नये असे कायद्याचे धोरण आहे. शिवाय आपली तक्रार दाखल होते ती संस्थेकडे, व्यक्तीकडे नव्हे. म्हणून तक्रारीत नेमणुकीविषयी एक अक्षरही लिहू नये. तो आपला विषय नाही आणि तो आणल्याने मूळ मुद्द्यावरील लक्ष उडते.

खरा विषय आहे तो मोजमाप पुस्तकाचा, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवून ज्याच्या आधारे बिल काढले जाते त्या नोंदवहीचा. आपण पाठवलेल्या दोन्ही पुस्तकांच्या प्रतींमध्ये साखळी क्रमांक (रस्त्यावरील जागा दाखवणारे अंतराचे आकडे) तेच आहेत, खडीकरणाची जाडी तीच आहे आणि डांबरीकरणाचे परिमाण दशांश चिन्हापुढच्या आकड्यांपर्यंत सारखे आहे. दुसऱ्या पुस्तकातील डांबरीकरणाची नोंद जुलै महिन्यातील आहे, म्हणजे ऐन पावसाळ्यातील, जेव्हा हे काम सहसा बंद ठेवले जाते. दोन वेगळ्या वर्षी केलेल्या मोजणीत असे तंतोतंत साम्य येणे कठीण आहे, आणि आपल्या तक्रारीचा गाभा हाच असला पाहिजे. अमुक अभियंत्याने इतके पैसे खाल्ले असे लिहू नये, कारण त्याचा पुरावा आपल्याजवळ नाही. कोणत्या पानावर काय नोंद आहे, त्या नोंदीवर कोणत्या पदावरील अधिकाऱ्याची सही आहे आणि तिच्या आधारे कोणत्या तारखेला किती रकमेचे बिल मंजूर झाले, एवढेच क्रमाने मांडावे. कंत्राटदाराविरुद्ध लोकायुक्तांकडे स्वतंत्र तक्रार होत नाही, कारण तो लोकसेवक नाही. त्याचा उल्लेख लाभार्थी म्हणून येऊ द्यावा.

कायदा दोन प्रकारच्या तक्रारी वेगळ्या मानतो आणि आपण पाठवलेल्या मसुद्यात त्या एकत्र झाल्या आहेत. लोकसेवकाने पदाचा गैरवापर करून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा लाभ केला, भ्रष्ट हेतूने कृती केली, सचोटी सोडली असे म्हणणे हे ‘अभिकथन’. तर गैरकारभारामुळे मला स्वतःला अन्याय किंवा नाहक त्रास सोसावा लागला असे म्हणणे हे ‘गाऱ्हाणे’. दुबार बिल हे अभिकथन आहे आणि जमिनीचा विषय गाऱ्हाण्यात येतो. अभिकथन घटनेच्या तारखेपासून ३ वर्षांच्या आत करावे लागते, तर गाऱ्हाणे ती कृती आपल्याला समजल्यापासून १२ महिन्यांच्या आत. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण कागद हाती असताना त्या माफीवर विसंबणे शहाणपणाचे नाही. आपल्या दुसऱ्या बिलाला अडीच वर्षे होत आली असल्याने आपल्याकडे जेमतेम सहा महिने आहेत. पहिल्या बिलाची मुदत टळली आहे, याने बिघडत नाही; आक्षेप दुसऱ्या बिलावर आहे आणि पहिले त्याचा पुरावा म्हणून जोडायचे आहे.

अभिकथन कोणालाही करता येते, अपवाद फक्त लोकसेवकाचा. आपला मुलगा कोषागारात शासकीय सेवेत असल्याने त्याच्या नावाने केलेली तक्रार पहिल्याच टप्प्यावर चौकशीविना बंद होईल, शिवाय त्याच्या मागे खात्यांतर्गत ससेमिरा लागण्याचा संभव राहील तो निराळाच. आपण निवृत्त आहात, तेव्हा तक्रार आपल्या नावाने, विहित नमुन्यात आणि प्रतिज्ञापत्रासह करावी. मुलाने कोषागारातील एखादा कागद आपल्याला दिला असेल, तर तो जोडू नये. तोच कागद माहिती अधिकारात रीतसर मागून घ्यावा.

तक्रार दाखल झाल्यावर काय होते याची कल्पना असलेली बरी. तक्रारीची प्रत संबंधित अधिकाऱ्याला आणि सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे त्याच्यावर कारवाई करण्याचा अधिकार असलेल्याला, पाठवली जाते आणि त्यांचा खुलासा मागवला जातो. आपल्या प्रकरणात ‘दुसरे काम विशेष दुरुस्तीचे होते’ असा खुलासा येईल, असे मला जवळपास खात्रीने वाटते. त्याला उत्तर देण्यासाठी दुसऱ्या कामाचे अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, कार्यादेश, डांबर खरेदीची चलने आणि गुणनियंत्रणाचे चाचणी अहवाल यांच्या प्रती आजच माहिती अधिकारात मागा. काम झाले असेल तर डांबर कुठून तरी आलेले असणार. सुनावणीत स्वतः बाजू मांडता येते आणि कागद व्यवस्थित लावलेले असतील, तर वकिलावर खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. चौकशी गोपनीय असते. तक्रारदाराची किंवा अधिकाऱ्याची ओळख वर्तमानपत्रांपुढे उघड होऊ द्यायची नाही असे कायदा सांगतो, म्हणून चौकशी चालू असेपर्यंत स्थानिक बातमीदारांना दूर ठेवा.

लोकायुक्त काय करू शकतात, या प्रश्नाचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. साक्षीदारांना बोलावणे आणि कागदपत्रे हजर करायला लावणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, परंतु अखेरीस ते शिक्षा देत नाहीत, शिफारस करतात. अभिकथनात तथ्य आढळल्यास अहवाल सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, त्याने ३ महिन्यांत केलेली वा योजलेली कारवाई कळवायची असते, आणि ती समाधानकारक न वाटल्यास लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, जो शासनाच्या स्पष्टीकरणासह विधिमंडळापुढे ठेवला जातो. विभागीय चौकशी आणि रकमेची वसुली या गोष्टी या वाटेने घडू शकतात. फौजदारी खटला हवा असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे वेगळी तक्रार करावी लागेल. पण बिल मंजूर करणे हा पदाच्या कामाचा भाग असलेला निर्णय असल्याने भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १७अ खाली शासनाच्या पूर्वमान्यतेचा अडथळा तेथे उभा राहतो. लोकायुक्तांचा अनुकूल अहवाल हाती असेल, तर ती मान्यता नाकारणे शासनाला तितकेसे सोपे जाणार नाही. म्हणून माझ्या मते आधी लोकायुक्त, मग बाकीचे.

जमिनीच्या बाबतीत माझा सल्ला उलट आहे. न्यायालयात दाद मागता येण्यासारखी असेल अशा गाऱ्हाण्यात लोकायुक्त सहसा पडत नाहीत, आणि रीतसर संपादन न करता जमीन रस्त्यात घेतली गेली असेल, तर आपल्याला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे थेट जाता येते. संविधानाच्या अनुच्छेद ३००अ प्रमाणे कायद्याच्या आधाराविना कोणाचीही मालमत्ता घेता येत नाही, आणि विद्यादेवी विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या २०२० च्या निकालात रस्त्यासाठी अशाच प्रकारे जमीन गेलेल्या वृद्ध महिलेला सर्वोच्च न्यायालयाने अनेक दशकांनंतरही भरपाई मिळवून दिली. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत, सातबारा आणि फेरफाराचे उतारे घेऊन जिल्हाधिकारी व कार्यकारी अभियंता यांना आधी मोबदल्याची लेखी मागणी करा. उत्तर न आल्यास याचिका करता येईल. हा विषय दुबार बिलाच्या तक्रारीत मिसळू नका, नाहीतर खात्याला ‘तक्रारदाराचा जमिनीचा वैयक्तिक वाद आहे’ असे म्हणायला आयतेच निमित्त मिळेल.

अखेरची एक तपासणी तक्रार दाखल करण्याच्या दिवशी करावी. नवे महाराष्ट्र लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केले. त्यात मुख्यमंत्रीही कक्षेत येतात, मात्र त्यांच्या चौकशीला विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. वर सांगितलेला नमुना, मुदती आणि नेमणुकीची पद्धत १९७१ च्या कायद्यातील आहे. म्हणून त्या दिवशी कोणता कायदा अमलात आहे हे लोकायुक्त कार्यालयाकडून विचारून घ्यावे, त्याच कायद्याचा नमुना भरावा, आणि तक्रार टपालाने पाठवली तर पोचपावती, हातोहात दिली तर दुय्यम प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय राहू नये.