नवऱ्याचे बालपण, तिघांच्या तोंडून

पत्र : माझ्या लग्नाला ३१ वर्षे झाली. यजमानांना पुढच्या वर्षी साठ पूर्ण होतील. त्या निमित्ताने त्यांच्या बालपणाच्या आणि तरुणपणाच्या आठवणींची एक वही त्यांना न कळू देता तयार करावी, म्हणून गेले चार महिने मी सासूबाई (वय ८४), नणंद (६६) आणि धाकटे दीर (५५) यांच्याकडून ऐकून लिहून घेते आहे. नऊ वर्षांचे असताना हे एकदा दिवसभर घरातून नाहीसे झाले होते. सासूबाई म्हणतात, तो निव्वळ खोडकरपणा. नणंद म्हणतात, वडील परगावी नोकरीला होते, त्यांना शोधायला तो निघाला होता. दीर तर म्हणतात, हरवलो होतो तो मी! शिवाय एका जुन्या फोटोत हे सोळा-सतरा वर्षांचे, हनुवटीखाली व्हायोलिन धरून उभे आहेत. ते वाजवत असत हे इतक्या वर्षांत मला कधी कळले नाही. नणंदेला विचारले तर म्हणाल्या, "तो विषय नको." गेल्या महिन्यात सगळे जमलो असताना हरवल्याचा किस्सा पुन्हा निघाला. सगळे हसले, हेही हसले. पण हातातल्या पाण्याच्या बाटलीवरचे लेबल ते बारीक पट्ट्यांत सोलत बसले होते. यातले खरे काय, हे कसे कळेल? व्हायोलिनबद्दल विचारू का? आणि एक कबूल करते : यांची पहिली २८ वर्षे बाकी सगळ्यांकडे आहेत, माझ्याकडे नाहीत, याचा मला मत्सर वाटतो.
— नाव न छापण्याच्या विनंतीवरून

स. न. वि. वि.

मत्सराची गोष्ट तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता सांगावी तशी सांगितली आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण त्या वहीचा उगम मला तिथेच दिसतो. वाढदिवस हे निमित्त झाले. चार महिने तुम्ही जे गोळा करत आहात ते यजमानांना देण्याआधी तुम्हाला स्वतःला हवे आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ज्यांच्याकडे ती २८ वर्षे आहेत असे तुम्हाला वाटते, त्यांच्याकडे ती खरोखर किती आहेत हे एकदा तपासून पाहा. माणसाला स्वतःच्या आयुष्यातले सर्वांत जुने जे आठवते ते बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या वयाचे असते. त्याआधीचा मुलगा यजमानांच्या स्वतःच्याही हाती नाही, तो मुख्यतः सासूबाईंकडे आहे. त्यानंतरचा मुलगा भावंडांनी पाहिला, पण बाहेरून. आणि दिवसभर घराबाहेर असताना नऊ वर्षांच्या त्या मुलाच्या मनात काय चालले होते, हे तिघांपैकी कोणीही पाहिलेले नाही. तेवढा भाग अजून कोणालाच मिळालेला नाही, आणि तो जिच्याजवळ सांगता येईल अशी व्यक्ती त्यांच्याच घरात राहते.

आता खरे काय, या प्रश्नाकडे वळते. आठवण कपाटात जपून ठेवलेल्या कागदासारखी असते असे आपण धरून चालतो. ती दर वेळी नव्याने जुळवली जाते, हे फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञांनी १९३२ साली मांडले, आणि तुमच्या सासरचे तिघे त्याची चालती-बोलती उदाहरणे आहेत. वये तुम्हीच दिली आहेत, ती त्या दिवशीच्या हिशेबाने मांडून पाहा. सासूबाई तेव्हा ३४ वर्षांच्या होत्या, पती परगावी, घरात तीन मुले, आणि त्यांतले एक संध्याकाळपर्यंत सापडत नव्हते. त्या दिवसाची धास्ती पन्नास वर्षे उराशी धरून जगता येत नाही. तिला कधीतरी 'काय खोडकर होता म्हणून सांगू' असे हसरे रूप द्यावेच लागते. नणंद १६ वर्षांच्या होत्या. उतारवयातल्या माणसाला आयुष्यातले काहीही आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर अधिक येतात, असे संशोधकांना वारंवार आढळले आहे. शिवाय घरात काय चालले आहे हे कळण्याइतक्या त्या मोठ्या होत्या. म्हणून त्यांच्या सांगण्याला मी अधिक वजन देईन, मात्र त्याला निकाल मानणार नाही.

राहिले दीर. ते तेव्हा पाच वर्षांचे होते, आणि ते खोटे बोलत आहेत असे मला मुळीच वाटत नाही. २००१ साली शीन, केम्प आणि रुबिन या तीन संशोधकांनी जुळ्या भावंडांच्या आठवणी तपासल्या, तेव्हा एकच प्रसंग दोघेही 'हा माझ्या बाबतीत घडला' असे मनापासून सांगतात, अशी उदाहरणे त्यांना अनेक जोड्यांत सापडली. जुळ्या नसलेल्या भावंडांतही असे घडते. त्याआधी, १९९५ साली, एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी २४ जणांना, नातेवाईकांकडून कळल्याचे सांगून, लहानपणीचे चार प्रसंग वाचायला दिले. त्यांतले तीन खरे होते. मॉलमध्ये हरवल्याचा चौथा रचलेला होता. सुमारे पाव लोकांना तो न घडलेला प्रसंगही थोडाफार किंवा पूर्ण आठवला. या प्रयोगावर पुढे वाद झाले आहेत, पण त्यासाठी निवडलेली गोष्ट हरवण्याचीच होती, हे तुमचे पत्र वाचताना मला सारखे आठवत राहिले. मला स्वतःला पाळण्यातून पडल्याचे लख्ख आठवते, अगदी जमिनीचा गारवासुद्धा. प्रत्यक्षात पडला होता माझा थोरला भाऊ, आणि त्या वेळी माझा जन्मही व्हायचा होता. तेव्हा दिरांना खोडून काढू नका. पाच वर्षांच्या मुलाने घरातला तो गोंधळ पाहिला असेल, आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही हेही त्याला जाणवले असेल, आणि 'मी हरवलो' हे त्याने त्या अर्थाने धरून ठेवले असेल. हा माझा तर्क आहे, तो वहीत उतरवू नका. वहीत तिघांचे सांगणे तीन वेगळ्या पानांवर, ज्याचे त्याच्या नावाने, शक्य तितके त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. तिघांचे मिळून एक गुळगुळीत सलग कथन करण्याचा मोह तुम्हाला होईल. तसे केलेत तर ती वही तिघांपैकी कोणाचीच राहणार नाही, आणि यजमानांना तर त्यात स्वतःचा मागमूसही सापडणार नाही.

बाटलीवरच्या लेबलाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला वाटते तुम्ही त्या रात्री त्यावर बराच वेळ विचार केला असेल. कुटुंबात किस्सा झालेल्या माणसाची एक विचित्र अडचण असते : हसला नाही तर तो खिलाडू वृत्तीचा नाही असे ठरते, आणि हसला तर किस्सा पुढच्या वेळेसाठी आणखी पक्का होतो. नणंदेचे सांगणे खरे असेल, तर वडिलांच्या शोधात निघालेल्या एका मुलाची पायपीट पन्नास वर्षे विनोद म्हणून सांगितली जाते आहे, आणि त्या मुलाला दर वेळी त्या हसण्यात सामील व्हावे लागते. नसेलही खरे. पण पट्ट्या सोलणारे हात तुम्ही पाहिलेत, बाकी कोणी पाहिल्याचे तुमच्या पत्रात नाही.

म्हणूनच मला तुमच्या योजनेतला गुप्तपणा खटकतो, आणि हे मी स्पष्टच सांगते. बाकी कोणतीही भेट लपवून द्यावी, पण माणसाचे स्वतःचे आयुष्य त्याच्या पाठीमागे गोळा करून, चार पाहुण्यांसमोर, 'उघडून बघा ना' म्हणत त्याच्या हाती ठेवू नये. त्यात व्हायोलिनचा फोटो चिकटवलेला असेल, तर त्या क्षणी त्यांना पुन्हा हसावेच लागेल. वहीची गोष्ट त्यांना आताच सांगा. "तुमच्या लहानपणीचे सगळ्यांकडून लिहून घेते आहे, पण तुमचेच काही त्यात नाही," एवढे पुरेसे आहे. ते नको म्हणाले तर ती वही तुमच्यापुरती ठेवा. ऐकलेले काही वाया जात नाही.

व्हायोलिनबद्दल विचारायला हरकत नाही, पण ते यजमानांनाच विचारा. नणंदेच्या मागे लागू नका. 'तो विषय नको' असे म्हणून त्यांनी भावाची एक गोष्ट त्याच्यासाठी राखून ठेवली आहे, आणि मला त्यांच्याबद्दल त्यामुळे आदरच वाटला. फोटो मिळाल्याचे लपवू नका. दोघेच असाल अशा वेळी तो त्यांच्यासमोर ठेवा, आणि 'का सोडलेत' हा प्रश्न तूर्त बाजूला राहू द्या. 'का' म्हटले की माणूस खुलासा द्यायला लागतो आणि आठवायचे राहून जाते. हे वाद्य कोणाचे होते, ते कुठे ठेवलेले असायचे, पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा जड वाटले का, हा फोटो काढणारा कोण होता, असे हाताला लागेल असे काहीतरी विचारा. समोरासमोर बसून डोळ्यांत पाहत विचारण्यापेक्षा चालताना किंवा गाडीतून जाताना विचारलेले पुष्कळांना सोपे जाते. उत्तर एका वाक्याचे आले तर त्या दिवशी तेवढेच घ्या. त्यामागे मोठी जखमच असेल असे धरून चालू नका. कित्येकदा वाद्य मोडते, शिकवणारे दुसरीकडे जातात, परीक्षा येतात, आणि मग सांगण्यासारखे काही उरले नाही असे वाटून माणूस गप्प राहतो. आणि जखम असलीच, तर ती ३१ वर्षे तुमच्यापासून लपवली याचा अर्थ विश्वास नव्हता असा लावण्याची घाई करू नका. लग्नाच्या वेळी ती मिटलेली गोष्ट वाटली असेल, आणि पुढे ती काढण्याचे निमित्तच आले नसेल.

सासूबाईंचे मात्र लांबणीवर टाकू नका. त्या ८४ वर्षांच्या आहेत, आणि यजमानांच्या पहिल्या तीन वर्षांचे जे काही आहे ते मुख्यतः त्यांच्याजवळच आहे : हा चालायला कधी लागला, रात्री कशाने शांत व्हायचा, पहिला शब्द कोणता बोलला. त्यांना विचारून, त्यांच्यासमोर फोन ठेवून त्यांचा आवाज नोंदवा, आणि जमले तर त्या वेळी यजमानांना शेजारी बसू द्या. हरवल्याची गोष्ट त्या दिवशी तुम्ही काढू नका. ती आपोआप निघाली, आणि यजमानांचा हात पुन्हा बाटलीवरच्या लेबलाकडे गेला, तर सासूबाईंना विचारा की त्या संध्याकाळी मुलगा दारात दिसला तेव्हा त्यांनी सर्वांत आधी काय केले. या प्रश्नावर कोणी हसणार नाही, आणि मला वाटते, तो त्यांना आजवर कोणी विचारलाही नसेल.